म्हातारा कॉम्प्युटर की म्हातारी डिस्क?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल थांबवली. तेव्हापासून घरोघरी एक प्रश्न विचारला जातोय: आठ-नऊ वर्षांचा, सुरू होईस्तोवर चहा पिऊन व्हावा असा कॉम्प्युटर आता भंगारात द्यायचा का? विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर हवा तो, मोजके अपवाद सोडता, आठव्या पिढीपासून पुढचा. २०१६-१७ मध्ये बाजारात आलेली सातवी पिढी, चांगली ठणठणीत असूनही, यादीबाहेर राहिली. अट सुरक्षेसाठी आहे असं कंपनी म्हणते आणि त्यात तथ्यही आहे. पण लोकांनी त्यावरून भलताच अर्थ काढला. आपलं यंत्र रखडतं ते प्रोसेसर म्हातारा झाल्यामुळे, असं ते धरून चालले आहेत. खरा गुन्हेगार बहुतेक वेळा शेजारीच बसलेला असतो, आणि तो गरगर फिरत असतो.

टास्क मॅनेजर उघडून पाहिलं की पुरावा मिळतो. प्रोसेसर दहा-पंधरा टक्के कामात, आणि डिस्क १०० टक्के! डेस्कटॉपमधली नेहमीची हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो. त्याला चार मिलिसेकंद लागतात. त्याआधी ते टोक योग्य वर्तुळावर सरकवायला आणखी आठ-नऊ. बारा मिलिसेकंद माणसाला जाणवतही नाहीत. पण ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर तेवढ्यात साडेतीन कोटींहून जास्त ठोके देऊन बसलेला असतो, बरेचसे नुसते वाट पाहण्यात. विंडोज सुरू होताना अशा हजारो लहान लहान फायली इकडून तिकडून उचलाव्या लागतात. लॅपटॉपमधल्या ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कचं तर विचारूच नका.

गंमत म्हणजे ही खोड जन्मापासूनची आहे. आयबीएमने १९५६ मध्ये रॅमॅक नावाच्या यंत्राबरोबर पहिली हार्ड डिस्क आणली. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या, एक टनाच्या आसपास वजन, आणि एवढ्या धुडात मावायची जेमतेम ५० लाख अक्षरं. फेरे मिनिटाला १,२००. आज एक टेराबाइटची डिस्क तळहातावर मावते. साठवणूक काही लाख पटींनी वाढली. फेरे मात्र सहा पटच! धातूच्या तबकडीला याहून फार वेगाने पळवता येत नाही. सर्व्हरसाठी १५,००० फेऱ्यांच्या डिस्क निघाल्या, पण तापट, महाग आणि आवाजी. घरी त्या कोण ठेवणार?

या कोंडीतून वाट काढणाऱ्या माणसाचं नाव आहे फुजिओ मासुओका. तोशिबात काम करणाऱ्या या अभियंत्याला चुंबकीय साठवणुकीला पर्याय ठरेल अशी, वीज गेली तरी न विसरणारी चिप हवी होती. तशा चिपा तेव्हाही होत्या. पण त्यांत एकेक बाइट स्वतंत्रपणे पुसायची सोय असे आणि त्यापायी दर कप्प्याला दोन ट्रान्झिस्टर लागत. मासुओकांनी विचार उलटा केला. पाटीवरचं एखादंच अक्षर बोटाने पुसण्याचा अट्टहास कशाला? ओलं फडकं फिरवून अख्खी पाटी कोरी करावी! तसं केलं की दर कप्प्याला एकच ट्रान्झिस्टर पुरतो आणि चिप स्वस्त होते. १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत त्यांनी ही फ्लॅश मेमरी मांडली, आणि १९८७ मध्ये तिचा आणखी दाटीवाटीचा ‘नँड’ प्रकार. तबकडीऐवजी चिपांवर माहिती साठवणाऱ्या आजच्या एसएसडीत, पेनड्राइव्हमध्ये आणि मोबाइलमध्ये आहे तो हाच.

त्यांच्या कल्पनेचं मोल आधी ओळखलं ते अमेरिकेतल्या इंटेलने. मासुओका १९९४ मध्ये तोशिबा सोडून तोहोकू विद्यापीठात शिकवायला गेले. २००४ मध्ये त्यांनी शोधाच्या मोबदल्यासाठी जुन्या कंपनीवर दावा लावला. मागणी एक अब्ज येनची होती. २००६ मध्ये तडजोड झाली ८ कोटी ७० लाखांवर. पुढे २०१८ मध्ये तोशिबाने हा मेमरीचा धंदा विकला, तेव्हा सौदा सुमारे दोन लाख कोटी येनचा होता. प्रोसेसरच्या गोष्टीत इंटेलच्या संस्थापकांची नावं शाळकरी मुलांनाही सांगितली जातात. मासुओकांचं नाव मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर दिवसभर एसएसडी विकणाऱ्यांपैकी कितीजणांनी ऐकलं असेल?

एसएसडीत फिरणारं काहीच नसल्याने माहिती मिळायला मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही कमी वेळ पुरतो. म्हणून जुन्या कॉम्प्युटरवर करायचा पहिला खर्च हाच. अडीच इंची साटा एसएसडी बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कच्याच जागी बसते. एम.२ खाच असेल तर मात्र ती साटाची की एनव्हीएमईची, हे मदरबोर्डच्या माहितीपत्रकात पाहूनच खरेदी करावी. दिसायला दोन्ही सारख्याच. वेष्टनावर ठळक छापलेल्या हजारो एमबीच्या वेगाला भुलू नये. तो एकच मोठी फाइल सलग वाचण्याचा वेग असतो. ब्राउझर उघडणं, कार्यालयीन पत्र टाइप करणं यात साध्या आणि महागड्या एसएसडीतला फरक ओळखता येणं कठीण.

दुसरा खर्च रॅमचा, चार जीबी असेल तर आठ. डीडीआर३ आणि डीडीआर४ यांची खाच वेगळ्या जागी असते, तेव्हा जोर लावून बसवायचा प्रयत्न करू नये. कॉम्प्युटर नुसताच बीप देत राहिला की आपल्याकडचे मेकॅनिक रॅम काढून तिचे सोनेरी पट्टे खोडरबराने घासतात. उपाय लागू पडतो, पण श्रेय खोडरबराला जास्तच मिळतं. सोनं गंजत नाही. पट्ट्यांवरचा मळ तेवढा निघतो, आणि बऱ्याचदा रॅम नुसती काढून पुन्हा घट्ट बसवली तरी भागतं. सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, म्हणून घासायचंच तर हलक्या हाताने. तारीख सारखी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलावा. ब्लोअरने धूळ काढताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून पंखा बिघडतो. हे सगळं वायर काढून, आणि आधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून.

एवढं करूनही विंडोज ११ ची अट तशीच राहते, हे खरं. अशा कॉम्प्युटरसाठी विंडोजऐवजी लिनक्स आहे, आणि एसएसडीवर तो झकास पळतो.

काढलेली हार्ड डिस्क मात्र टाकू नये. फ्लॅशच्या कप्प्यात माहिती असते ती अडकवून ठेवलेल्या इलेक्ट्रॉनांच्या रूपात, आणि वीज न देता वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या एसएसडीतून ते हळूहळू निसटतात. शिवाय हार्ड डिस्क मरण्यापूर्वी अनेकदा खटखट करून कळवते. एसएसडी कधीकधी काहीच न कळवता जाते. हार्ड डिस्क धडधाकट असेल तर तिला यूएसबी केसमध्ये घालून लग्नाचे फोटो, मुलांची प्रमाणपत्रं आणि सातबाऱ्याच्या प्रती तिच्यावर उतरवून ठेवाव्यात. तिथे तिच्या संथपणाने कुणाचं काही अडत नाही.