बोळिंज : लोकलने आणलेली वस्ती, पाण्याने घेतलेली परीक्षा

विरार स्थानकाच्या पश्चिमेस उतरून आगाशी-अर्नाळ्याचा रस्ता धरला की थोड्याच अंतरावर बोळिंज लागते. एकेकाळी वाड्या, विहिरी आणि केळीच्या बागांनी ओळखले जाणारे हे गाव आज मुंबईच्या चाकरमान्यांचे मुक्कामाचे ठिकाण झाले आहे. जुनी कौलारू घरे आणि बहुमजली इमारती येथे शेजारी शेजारी उभ्या आहेत. या स्थित्यंतराची गोष्ट रेल्वेपासून सुरू होत असली, तरी ती पाण्यापाशी येऊन थांबते.

बोळिंजचा परिसर इतिहासाला नवखा नाही. जवळचे सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 मध्ये तेथील बौद्ध स्तूपाचे उत्खनन केले आणि त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सापडला. पुढे 1534 पासून वसई प्रांतावर पोर्तुगीजांचा अंमल राहिला, तो 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेने संपला. या घडामोडींतून येथे हिंदू व ख्रिस्ती समाज एकमेकांच्या शेजारी नांदत आले. सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती यांची बोली एकाच कुळातील आहे, हे त्याचे बोलके उदाहरण. वाडवळ समाजाची वाडवळी बोलीही याच पट्ट्यातली.

विरारहून मुंबईस जाणारी पहिली लोकल 12 एप्रिल 1867 रोजी धावली. 1936 मध्ये विजेवरील गाड्या विरारपर्यंत आल्या. तरीही कित्येक वर्षे या गाड्यांतून मुंबईकडे जात होती ती प्रामुख्याने येथील भाजी, फुले, केळी आणि विड्याची पाने. माणसांचा लोंढा उलट दिशेने आला तो मुंबईतील घरे सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेल्यावर. चर्चगेट येथून सुमारे साठ किलोमीटर, जलद लोकलनेही दीड तासाच्या आसपासचा प्रवास आणि जीवघेणी गर्दी. एवढे सोसूनही स्वतःचे घर मिळते, हा हिशेब हजारो कुटुंबांना पटला. 1990 मध्ये वसई-विरार भागासाठी सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली, तर 3 जुलै 2009 रोजी चार नगरपालिका आणि आसपासची गावे मिळून महानगरपालिका अस्तित्वात आली. अनेक गावांनी या समावेशास कडवा विरोध केला होता.

या विरोधाचे मूळ समजून घ्यायचे तर येथील भूगर्भाकडे पाहावे लागेल. किनाऱ्यालगतच्या वालुकामय जमिनीत पावसाचे गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. उपसा बेताचा असेल तोवर विहीर गोड राहते. तो वाढला की खारे पाणी वर चढते. ऐंशीच्या दशकात शहरी वस्तीची तहान भागवण्यासाठी गावांतील विहिरींचे पाणी टँकरने जाऊ लागले आणि बागा धोक्यात आल्या. त्यातून हरित वसईची चळवळ उभी राहिली. बोळिंजलगतच्या नंदाखाल येथे जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो (1942-2024) हे तिचे अग्रणी होते. पुढे त्यांनी अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही भूषविले.

बोळिंजमध्ये म्हाडाने सुमारे दहा हजार सदनिकांचा प्रकल्प उभारला, तेव्हा हाच प्रश्न नव्या रूपात समोर आला. एरवी सोडतीत एका घरामागे अर्जांची रांग लागते. येथे मात्र हजारो घरे कित्येक वर्षे विक्रीविना पडून राहिली आणि अखेर ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ या तत्त्वावर विकावी लागली. अंतर हे एक कारण होतेच, पण पाण्याची टंचाई हे त्याहून मोठे. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या 403 दशलक्ष लिटर क्षमतेच्या सूर्या योजनेतून वसई-विरारच्या वाट्याला 185 दशलक्ष लिटर पाणी ठरले. 2023 च्या अखेरीस त्यातील पुरवठा सुरू झाला, तेव्हा कुठे परिस्थिती बदलू लागली.

परंतु येथे एक गोष्ट नजरेआड करता येणार नाही. सूर्या प्रकल्प मुळात डहाणू, पालघर व विक्रमगड भागातील शेतीच्या सिंचनासाठी होता आणि तेथील शेतकऱ्यांनी पाणी शहरांकडे वळवण्यास विरोध केला आहे. काल वसईचा बागाईतदार जे म्हणत होता, तेच आज सूर्येकाठचा आदिवासी शेतकरी म्हणतो आहे. टँकरची जागा जलवाहिनीने घेतली, अंतर वाढले, एवढाच काय तो फरक.

या पट्ट्यातील जुन्या माणसांनी बावखले राखली होती. पावसाचे पाणी साठवणारी, विहिरींना पाझर देणारी ही तळी बागांचा आधार होती. वस्ती वाढताना त्यांतील कित्येक बुजली. काही गावांतील तरुण उरलेल्या बावखलांतील गाळ काढत आहेत, ही आशेची बाब आहे. सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या भूमीत इमारतींच्या गच्च्यांवरचे पाणी गटारात सोडून धरणाच्या पाण्याची वाट पाहणे शहाणपणाचे नव्हे. लोकलने बोळिंजला माणसे दिली. ती येथे सुखाने राहतील की नाही, हे गावाने शिकवलेला पाण्याचा हिशेब नवे रहिवासी किती मनावर घेतात, यावर ठरेल.