अर्धवट किरणोपचार म्हणजे अर्धवट न्याय

रोवणीचे दिवस असतात. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावकडच्या बाया दिवसभर चिखलात वाकून धान रोवतात. त्यांतल्या एखादीची पाळी कधीच गेलेली असते, तरी अंगावरून रक्त जाते, घाण वासाचे पाणी जाते. ती कुणाला सांगत नाही. दवाखान्यात पोहोचते तेव्हा गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर पुढच्या टप्प्यात गेलेला असतो. घरचे म्हणतात, आता काय उपयोग?

आमचे सांगणे आहे की उपयोग आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २००३ ते २०११ या काळात तिसऱ्या टप्प्यातल्या ८५० बायकांवर उपचार करून अभ्यास केला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसता किरणोपचार घेतलेल्यांपैकी ५ वर्षांनी शंभरात ४६ जणी जिवंत होत्या. किरणांसोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे औषध मिळालेल्यांत ५४. म्हणजे उशिरा आलेल्यांतही निम्म्या बायका वाचू शकतात.

पण त्यासाठी उपचार पूर्ण झाला पाहिजे. आठवड्यातून ५ दिवस, साधारण ५ आठवडे बाहेरून किरण. त्यानंतर गर्भाशयात नळी ठेवून आतून किरण. हे सगळे ८ आठवड्यांच्या आत संपायला हवे. घोळ इथेच होतो. काही दिवस किरण घेतले की रक्त थांबते. बाईला वाटते, बरे झाले. इकडे रोजी बुडालेली, लेकरे शेजारणीकडे. ती गाडी धरून गावी परतते. आतला आजार मात्र तसाच असतो, तो पुन्हा उठतो.

दोष तिचा आहे काय? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचार मोफत होतो. रेल्वेत कॅन्सररुग्णाला व सोबत्याला भाडेसवलत आहे. पण गोंदियाहून नागपूरला गेलेल्या बाईने ५ आठवडे राहायचे कुठे, खायचे काय, बुडालेली रोजी कोण देणार?

रेल्वेतून पडलेल्या एका मजुराला सरकारी दवाखान्यांनी परत पाठवले होते. पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बजावले, की वेळेवर उपचार नाकारणे हा कलम २१ चा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही. वेळेवर सुरू झालेला उपचार निवाऱ्याअभावी तुटत असेल, तर तोही प्रश्न याच कलमाचा आहे, असे आम्ही मानतो.

म्हणून मागणी करू या: रुग्ण व सोबत्यासाठी निवास, उपचारकाळातील रोजीची भरपाई आणि उपचार अर्धवट सोडलेल्या प्रत्येक बाईचा घरी जाऊन शोध. शासन जागे होईपर्यंत आपल्या महिला मंडळांनी एक काम हाती घ्यावे. आपल्या वस्तीतली बाई किरणोपचाराला गेली, तर शेवटचा किरण होईपर्यंत तिच्या घरची चूल पेटती ठेवावी.