चिठ्ठी फाडायची कधी?

संगणकावर गाणं बदललं की पडद्याच्या कोपऱ्यात सूचना झळकते. गाणं वाजवणारा प्रोग्रॅम वेगळा, सूचना दाखवणारा वेगळा. एकाला दुसऱ्याच्या मेमरीत डोकावता येत नाही. मग निरोप पोचतो कसा?

लिनक्सवर हे टपालाचं काम 'डी-बस' करतं. २००२ साली ते लिहायला सुरुवात झाली. निरोप म्हणजे मेमरीत बनवलेली चिठ्ठीच: वर पत्ता, आत मजकूर. पाठवताना तिला क्रमांक मिळतो. उत्तरात तो नमूद असतो, म्हणून कोणत्या प्रश्नाचं उत्तर आलं ते कळतं. आणि एकदा पाठवली की खाडाखोड बंद!

खरी मेख पुढेच आहे. काम झाल्यावर चिठ्ठी फाडायची कधी? त्यासाठी प्रोग्रॅममधल्या प्रत्येक चिठ्ठीवर एक आकडा असतो, ती किती जणांनी धरून ठेवलीय याचा. नवी चिठ्ठी, आकडा १. आणखी एकाने धरली, २. ज्याचं काम झालं त्याने एक वजा करायचा. शून्य झालं की चिठ्ठी नाहीशी, जागा मोकळी.

वजा करायला कुणी विसरलं तर? चिठ्ठ्या साचतात, मेमरी भरत जाते. दोनदा वजा केलं तर? दुसरा वाचत असतानाच चिठ्ठी गायब, नि प्रोग्रॅम धाडकन बंद पडू शकतो! मला विचाराल तर पहिली चूक जास्त लबाड. ती दिवसभर काही बोलतच नाही.