पुरुषाच्या छातीतली गाठ

स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत साधारण एक पुरुष असतो. हा आजार पुरुषाला होतो हेच ठाऊक नसल्यामुळे तो एक जण बहुतेक वेळा उशिरा दवाखान्यात पोहोचतो, आणि उशिराची किंमत इथे फार मोठी आहे.

लहानपणी मुलगा आणि मुलगी यांच्या स्तनाग्रामागे दुग्धनलिकांचे सारखेच बारीक जाळे असते. वयात येताना मुलीत ते वाढते, तर मुलात तसेच राहते, पण नाहीसे होत नाही. या नलिकांच्या पेशींत कर्करोग सुरू होऊ शकतो. वय वाढते तसा धोका वाढतो. बहुतेक रुग्ण साठीच्या आसपासचे किंवा त्यापुढचे असतात. यकृताचा जुना आजार, लठ्ठपणा, वृषणांचे काही विकार, पूर्वी छातीवर घेतलेले रेडिएशन, क्लाइनफेल्टर सिंड्रोम (पुरुषात एक जादा एक्स गुणसूत्र असणे) यांनीही धोका वाढतो. या प्रत्येकात शरीरातल्या संप्रेरकांचा तोल इस्ट्रोजेनकडे झुकलेला असतो. अपवाद फक्त रेडिएशनचा.

पुरुषाच्या छातीत चरबी आणि ग्रंथी कमी, म्हणून छोटी गाठही बोटांना लागते. पण जागाच कमी असल्याने तीच गाठ त्वचेपर्यंत आणि मागच्या स्नायूपर्यंत लवकर पोहोचते. म्हणजे ती सापडायला सोपी आहे, फक्त थांबायला वेळ देत नाही.

आंघोळीच्या वेळी साबणाचा हात फिरतोच. महिन्यातून एकदा तो जरा सावकाश फिरवावा. डाव्या छातीला उजवा हात, उजव्या छातीला डावा. मधली तीन बोटे सपाट ठेवून गोल फिरवत स्तनाग्राच्या अगदी मागे, मग बाहेर, वर गळपट्टीच्या हाडापर्यंत आणि शेवटी काखेत. नंतर आरशात पाहावे: स्तनाग्र आत ओढले गेले आहे का, त्वचा खडबडीत किंवा लाल झाली आहे का, न भरणारी जखम आहे का. बनियनवर रक्ताचा किंवा पाण्यासारखा डाग वारंवार पडत असेल तर त्याकडे अजिबात दुर्लक्ष करू नये. अमेरिकेतले मॅथ्यू नोल्स, गायिका बियॉन्सेचे वडील, यांना 2019 मध्ये शर्टावरच्या अशाच रक्ताच्या ठिपक्यांनी सावध केले आणि तपासणीत कर्करोग निघाला.

छातीत काही हाताला लागले की ते कर्करोगच, असे मुळीच नाही. बहुतेक वेळा ती गायनेकोमास्टिया, म्हणजे ग्रंथींची निरुपद्रवी वाढ असते. वयात येणाऱ्या मुलांत आणि उतारवयात ती नेहमी दिसते, काही औषधांनीही होते. ती स्तनाग्राच्या बरोबर मागे चकतीसारखी, रबरासारखी लागते, दुखते आणि अनेकदा दोन्ही बाजूंना असते. कर्करोगाची गाठ सहसा एकाच बाजूला, टणक आणि न दुखणारी असते. दुखत नाही म्हणूनच माणूस ती अंगावर काढतो. पण हा फरक घरबसल्या ठरवायचा नाही. सर्जन हाताने तपासतात, मग मॅमोग्राफी (पुरुषांचीही व्यवस्थित होते) आणि काखेसह सोनोग्राफी करतात. संशय उरलाच तर जाड सुईने गाठीचा तुकडा काढून बायोप्सी होते. निदान पक्के होते ते बायोप्सीनेच.

मग सगळ्याच पुरुषांनी दर वर्षी मॅमोग्राफी का करून घेऊ नये? आजार इतका विरळ आहे की त्यात लाभ मोजक्यांना होईल आणि विनाकारण धास्ती व सुया पुष्कळांच्या वाट्याला येतील. म्हणून सरसकट तपासणीचा सल्ला कोणीही देत नाही, आणि मला ते योग्यच वाटते. ज्यांच्या घराण्यात बीआरसीए जनुकाचा दोष आहे त्यांची गोष्ट वेगळी. बीआरसीए-2 मध्ये दोष असलेल्या पुरुषाला आयुष्यभरात हा कर्करोग होण्याची शक्यता शंभरात सहा ते आठ, इतरांत ती हजारात साधारण एक. असा दोष असलेल्यांनी 35 व्या वर्षापासून स्वतः छाती तपासायला शिकावे, दर वर्षी डॉक्टरांकडून तपासून घ्यावी आणि पन्नाशीनंतर मॅमोग्राफीचा विचार त्यांच्याशी बोलून करावा. याच दोषामुळे प्रोस्टेट आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगाचाही धोका वाढतो.

उपचारांत बहुतेक वेळा स्तन काढण्याची शस्त्रक्रिया असते, आणि गाठ संप्रेरकांवर वाढणारी असेल, जी बहुतेक पुरुषांत असते, तर किमान पाच वर्षे टॅमॉक्सिफेन. 'बायकांचे औषध' म्हणून काही जण ते मध्येच सोडतात. तसे करू नका. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा.

बीआरसीएचा दोष मुलाला जसा मिळतो तसाच मुलीलाही, शक्यता दोघांना निम्मी-निम्मी. आई-मावशीच्या आजारांची चौकशी सगळे करतात, पण आत्याची आणि आजीची, म्हणजे वडिलांच्या आईची, माहिती क्वचितच कोणी देते. डॉक्टरांना तीही सांगावी. पुरुषाला स्तनाचा कर्करोग झाला की त्याची जनुक तपासणी करून घ्यावी, वय कितीही असो. त्याच्यात दोष सापडला, तर भाऊ, बहिणी आणि सज्ञान मुलांना फक्त त्या एका दोषासाठी रक्त द्यावे लागते. ती तपासणी पूर्ण जनुक तपासणीपेक्षा सोपी आणि स्वस्त असते.