शंकरराव चव्हाण आणि शिक्षणखाते

नांदेडचे शंकरराव चव्हाण यांचे नाव मराठवाड्यात निघते ते जायकवाडी व विष्णुपुरी प्रकल्पांच्या संदर्भात. ऑक्टोबर १९८० ते ऑगस्ट १९८१ या काळात ते केंद्रीय शिक्षणमंत्री होते, हे मात्र शिक्षकवर्गातही फारसे कोणाच्या स्मरणात नसते.

पैठण येथे १४ जुलै १९२० रोजी जन्मलेल्या शंकररावांनी कायद्याचे शिक्षण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात घेतले. निजामी राजवटीत उच्च शिक्षणासाठी मराठवाड्यातील मुलाला घर व भाषा दोन्हींपासून दूर जावे लागे. संस्थान १९४८ साली मुक्त झाले. नांदेडला पीपल्स कॉलेज १९५० मध्ये, तर लातूरला दयानंद महाविद्यालय १९६१ मध्ये निघाले.

केंद्रीय शिक्षणमंत्र्याचे अधिकार कोठवर पोहोचतात, हे येथे समजून घेतले पाहिजे. संविधानाने शिक्षण हा विषय प्रथम राज्यसूचीत ठेवला होता. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला. त्या वेळी शंकरराव महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. म्हणजे हा बदल त्यांनी आधी राज्याच्या बाजूने पाहिला आणि चार वर्षांनी केंद्राच्या. तथापि शाळांचा कारभार राज्याकडेच राहिला. महाराष्ट्रात १९६२ पासून ग्रामीण प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांच्या हाती आहेत. केंद्राकडे योजनांचा निधी, विद्यापीठ अनुदान आयोग आणि राष्ट्रीय धोरण. गावच्या शाळेत शिक्षक नसल्याचा जाब दिल्लीला विचारून उपयोग नसतो, तो यामुळेच.

शिक्षणाच्या दृष्टीने त्यांचा मुख्यमंत्रिपदाचा काळ अधिक महत्त्वाचा मानावा लागेल. कोठारी आयोगाने सुचविलेला दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध महाराष्ट्रात त्याच सुमारास अमलात येत होता. शंकररावांनी फेब्रुवारी १९७५ मध्ये सूत्रे घेतली आणि मार्चमध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. बारावीची पहिली परीक्षा १९७७ मध्ये. या नव्या दोन वर्षांच्या टप्प्यावरच लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाने पुढे वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशाच्या तयारीची पद्धत बसविली. 'लातूर पॅटर्न' तो हाच.

नांदेडला १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा शंकरराव केंद्रीय गृहमंत्री होते. पहिले कुलगुरू झाले शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले डॉ. जनार्दन वाघमारे.