लेन्स बघावी पाठीमागून

दिवाळी सरता सरता ठाणे खाडीत रोहित उतरू लागतात, नुकताच बोनस हातात आलेला असतो, आणि १८-५५ची किट लेन्स अचानक फारच तोकडी वाटू लागते. खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. ऐरोलीच्या केंद्रातून बोटी सुटतात. येऊर आणि डोंबिवलीजवळचे भोपर ही पक्षी टिपण्याची आणखी दोन ठिकाणे. या सगळ्या ठिकाणी एकच मोह होतो : टॅमरॉन किंवा सिग्माची १५०-६००, नाहीतर निकॉनची २००-५००. नवी परवडत नाही, म्हणून सेकंड हँड. कुणी सीएसएमटीला उतरून फोर्टातला बोरा बाजार गाठतो, कुणी विकणाऱ्याला स्टेशनबाहेर बोलावतो.

नेमकी हीच वेळ धोक्याची. विक्रीला आलेली लेन्स नुकताच एक पावसाळा कपाटात काढून आलेली असते. जुलै-ऑगस्टमध्ये इथली सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. हवा ७० टक्क्यांहून दमट आणि तीही सलग तीन दिवसांहून अधिक राहिली, तर काचेवर बुरशी धरू शकते, असे झाइस कंपनी सांगते. आपल्याकडे तीन दिवस कसले, तीन महिने असतात. त्यात लेन्स चामड्याच्या पिशवीत, कपड्यांच्या घडीमागे ठेवलेली असली, तर बघायलाच नको.

बुरशी काचेवर नुसती बसत नाही, आम्ल सोडते आणि वरचा लेप खाते. हा लेप म्हणजे चैन नव्हे. बिनलेपाच्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परतवतो. १९३५ मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी लेपाची युक्ती काढली नसती, तर पंधरा-वीस भिंगांची आजची झूम लेन्स कामाचीच ठरली नसती. म्हणून ‘फंगस साफ करून घेतली आहे’ असे कुणी सांगितले, तर बुरशी गेली असेल, पण खाल्लेला लेप परत आलेला नसतो.

गिऱ्हाईक मात्र पुढच्या काचेवरचा ओरखडा शोधत बसते. पुढचा बारीक ओरखडा फोटोत सहसा दिसतही नाही. मागच्या भिंगावरचा मात्र नडतो. तेव्हा दोन्ही झाकणे काढा, मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका धरा आणि पुढून आत बघा. कॅननची ईएफ लेन्स बॉडीवरून काढली तरी आतली अॅपर्चरची पाती उघडीच राहतात. निकॉनच्या जी मालिकेतल्या बहुतेक लेन्सची मिटतात. मागची छोटी दांडी बोटाने सरकवून ती उघडावी लागतात. हे ठाऊक नसलेला माणूस मिटलेल्या पात्यांवर टॉर्च मारून ‘आत स्वच्छ आहे’ म्हणतो. टॉर्च फिरवताना सुटे ठिपके दिसले तर ती धूळ, दुर्लक्ष करा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे कडेकडून आत सरकत असतील, तर ती बुरशी. सगळी काच श्वास सोडल्यासारखी धुरकट दिसली, तर तो वंगणाचा किंवा दमटपणाचा थर. कडेला इंद्रधनुषी पट्टा चमकला, तर जोडभिंगांमधला डिंक सुटतोय, आणि ती दुरुस्ती लेन्सच्या किमतीला भारी पडते.

मग धक्के. लोकलच्या दारात सॅकसकट चेंगरलेली लेन्स इथे दुर्मीळ नाही. पुढच्या कडेवर एखादा यूव्ही फिल्टर फिरवून बघा; आटे अडले तर लेन्स कुठेतरी आपटली आहे. स्थिरीकरणाची सोय असलेली लेन्स हलवल्यावर आत खुळखुळते, पण त्यात बहुधा दोष नसतो. पात्यांवर तेलाची चकाकी असेल, तर ती वेळेवर मिटत नाहीत.

आपटलेल्या लेन्सचे खरे दुखणे काच फुटण्याचे नसते, एखादे भिंग केंद्रापासून सरकण्याचे असते. यासाठी ठाण्याच्या तलावपाळीपेक्षा सोयीची प्रयोगशाळा नाही. संध्याकाळी काठावर ट्रायपॉड लावा, पलीकडच्या काठावरचा एकच दिवा निवडा, अॅपर्चर पूर्ण उघडे ठेवा. दिवा मध्यभागी घेऊन फोकस किंचित बिघडवा. उमटणारी चकती गोल आणि चहूबाजूंनी सारखी हवी. मग फोकस नीट करून तोच दिवा चारही कोपऱ्यांत नेऊन टिपा. चारही कोपरे सारखेच मऊ आले, तर तो त्या मॉडेलचा स्वभाव. तीन बरे आणि एक फिसकटलेला आला, तर तो तुमच्या हातातल्या नगाचा दोष. लेन्सरेंटल्स या अमेरिकन कंपनीचे रॉजर सिकाला यांनी एकाच मॉडेलचे अनेक नग यंत्रावर तपासून त्यांच्यातला फरक वर्षानुवर्षे प्रसिद्ध केला. परीक्षण मॉडेलचे वाचायचे, पैसे मात्र नगाचे मोजायचे, हे त्यातून कळते.

घरी भिंतीवरच्या वर्तमानपत्राचा फोटो काढून लेन्स तपासणाऱ्यांनी ते चिकटवण्याआधी तिथे आरसा टेकवावा आणि लेन्सचे स्वतःचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यावर आणावे. तेव्हाच कॅमेरा भिंतीला समांतर असतो. नाहीतर एक बाजू पुसट येते आणि बिचाऱ्या लेन्सला बोल लागतो.

बॉडी आपली स्वतःची न्यावी, हे सांगायला नको, तरी सांगतो. निकॉनच्या डी३००० किंवा डी५००० मालिकेच्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे ५० मिमीची जुनी डी लेन्स त्यांवर ऑटोफोकस करत नाही. स्वस्तात मिळाली म्हणून ती घेणारे बरेच असतात. डीएसएलआर असेल, तर फोकस टिपल्या जागी पडतो की पुढेमागे, तेही तिथेच बघावे. बिल, सिरियल नंबर आणि वॉरंटी कंपनीची की दुकानाची, एवढे लिहून घ्यावे.

टॉर्च लावून बघू द्यायला किंवा स्वतःच्या बॉडीवर चार फोटो काढू द्यायला विकणारा नाखूश असेल, तर सौदा तिथेच सोडावा. आणि घेतलीच, तर पुढच्या जूनआधी हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक आणावा; काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवावा. रोहित साधारण मेपर्यंत असतात, तेव्हा लेन्स तपासायला पुरेसा वेळ आहे.