कातकामासाठी लाकूड आणि जुनी हत्यारे

लाटणे, भोवरा, पलंगाचे गोल पाय आणि बुद्धिबळातली प्यादी यांच्यात सारखे काय आहे? या सर्व वस्तू लेथवर कातलेल्या असतात. सुतार रंधा मारतो तेव्हा लाकूड स्थिर असते आणि हत्यार चालते. कातकामात उलट घडते. लाकूड फिरते आणि कारागीर टेकूवर हत्यार टेकवून धरतो.

शाळेत किंवा घरी हा छंद सुरू करायचा म्हटले की खर्चाचा प्रश्न येतो. परंतु लाकूड आणि हत्यारे या दोन्ही गोष्टी नव्याच हव्यात असे नाही. हव्यात त्या पारखून घेतलेल्या. आणि ही पारख शालेय विज्ञानाच्या आवाक्यातली आहे.

लाकूड कोठे शोधावे?

लाकडाच्या वखारीत लहान तुकडे अनेकदा जळणाच्या भावाने मिळतात. जुन्या वाड्यांचे सामान विकणाऱ्यांकडे सागाचे खांब, दारांच्या चौकटी, मोडक्या खाटांचे पाय सापडतात. हे लाकूड पुरते वाळलेले असते, हा मोठा फायदा. मात्र त्यात खिळे दडलेले असतात. त्यासाठी प्रत्येक बाजूवरून जोरदार चुंबक फिरवून पाहावा. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून रंगवलेले लाकूड टाळावे.

तिसरा मार्ग म्हणजे छाटणीत निघालेल्या फांद्या. शहरी भागात 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. तेव्हा रीतसर छाटलेल्या फांद्याच मागून घ्याव्यात. आंबा, फणस, शिवण, बाभूळ, जांभूळ यांचे लाकूड कातायला उपयोगी पडते. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी हलका पांगारा वापरला जाई. कर्नाटकातील चन्नपट्टणची खेळणी काळ्या कुड्याच्या पांढऱ्या, बारीक पोताच्या लाकडाची असतात. बिब्बा आणि काजू यांच्या वाटेला मात्र जाऊ नये. त्यांच्या चिकाने अंगावर फोड येतात.

ओले लाकूड का तडकते?

लाकडातील पाणी दोन ठिकाणी असते : पेशींच्या पोकळीत आणि पेशीभित्तिकांत. पोकळीतले पाणी आधी जाते, तेव्हा लाकूड हलके होते पण आकसत नाही. कोरड्या वजनाच्या सुमारे 30 टक्के पाणी उरले की भित्तिकांतले पाणी जाऊ लागते आणि आकसणे सुरू होते.

हे आकसणे सर्व दिशांना सारखे नसते. सागाचे उदाहरण घेऊ. ओला साग पूर्ण वाळताना केंद्राकडून सालीकडच्या दिशेत सुमारे 2.5 टक्के आकसतो, वार्षिक वलयांच्या दिशेत सुमारे 5.8 टक्के, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. आता 20 सेंमी व्यासाचा अख्खा ओंडका विचारात घ्या. त्याचा परीघ सुमारे 63 सेंमी. परीघ त्रिज्येपेक्षा साधारण 3.3 टक्के जास्त आकसू पाहतो, म्हणजे सुमारे 2 सेंमी कमी पडतात. ही तूट भरून निघते ती सालीपासून गाभ्यापर्यंत जाणाऱ्या भेगेने! म्हणून ओंडका गाभ्यातून उभा चिरून ठेवावा. अर्ध्या ओंडक्यांना आकसायला वाव मिळतो.

कापलेल्या टोकांतून पाणी फार लवकर उडते, म्हणून टोकांना मेण किंवा उरलेला ऑइलपेंट लावावा व लाकूड सावलीत, हवेशीर जागी ठेवावे. एक इंच जाडीला एक वर्ष, हा जुना ठोकताळा आहे. विद्यार्थ्यांनी दर आठवड्याला वजन करून आलेख काढावा. वजन स्थिरावले की लाकूड त्या ऋतूतल्या हवेशी जुळले. तुकडा 260 ग्रॅमचा असेल आणि भट्टीत पूर्ण वाळवल्यावर 200 ग्रॅम भरला, तर ओलावा 60 भागिले 200, म्हणजे 30 टक्के होता.

जुने हत्यार कसे पारखावे?

मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार आणि गावोगावचे भंगारवाले यांच्याकडे गंजलेली हत्यारे मिळतात. वरचा गंज घासून निघतो. पण धारेजवळ खोल खड्डे असतील तर धार टिकत नाही. पात्यावर निळसर डाग दिसला तर सावध व्हावे. साधे कार्बन पोलाद 300 अंश सेल्सिअसच्या आसपास तापले की निळे पडते, आणि त्याचे पाणी उतरलेले असते. हायस्पीड पोलाद 1900 सालच्या पॅरिस प्रदर्शनात जगापुढे आले. त्यात टंगस्टनसारखे धातू असतात आणि ते 500 अंशांच्या पुढेही कठीण राहते.

दोन्हींतला फरक सहाणेच्या चाकावर कळतो. कार्बन पोलादाच्या ठिणग्या भरपूर, पिवळ्या-पांढऱ्या आणि फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या असतात. हायस्पीडच्या मोजक्या, तांबूस आणि फारशा न फुटणाऱ्या. जुनी कानस आणि ड्रिलचे मोडके हायस्पीड पाते शेजारी ठेवून तुलना करावी.

जुन्या कानशीला धार लावून ती लेथवर वापरण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. कानस अतिशय कठीण, म्हणूनच ठिसूळ असते. लाकडात अडकली तर तुटून तुकडा डोळ्यापर्यंत उडू शकतो. सुताराची पटाशीही येथे चालत नाही, कारण तिची मूठ आखूड असते. टेकूपासून धार 2 सेंमी पुढे आणि हात 40 सेंमी मागे असेल, तर हाताला धारेवरील बलाच्या विसाव्या हिश्शाएवढे बल लावावे लागते. मूठ 10 सेंमीवर असेल तर तेच बल चौपट होते. कातकामाच्या हत्याराचा दांडा लांब का, याचे उत्तर तरफेच्या नियमात आहे.

लेथ घेताना

जुन्या लेथची दोन्ही टोके जवळ आणून पाहावीत. ती एकमेकांसमोर अचूक यायला हवीत. दांडा हाताने हलवून पाहावा. तो डुगडुगला तर बेअरिंग झिजले आहे. सुरुवात सावकाश वेगाने करावी. 10 सेंमी व्यासाचा ठोकळा मिनिटाला 1000 फेऱ्यांनी फिरला, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला 5 मीटरहून अधिक असतो. वेग दुप्पट केला की ठोकळ्याला उडवू पाहणारे बल चौपट होते. म्हणून तडा गेलेले लाकूड लेथवर चढवूच नये.

लाकडाचा भुसा निरुपद्रवी नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 च्या अहवालात त्याचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केला. तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मा हवाच. ओढणी, पदर, सैल बाह्या आणि मोकळे केस नीट बांधून घ्यावेत, आणि यंत्राजवळ शिक्षकांनी स्वतः उभे राहावे.

पहिली वस्तू म्हणून भोवरा करावा. तो नीट घुमला नाही तर वजन कोणत्या बाजूला जास्त आहे हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.